दाराबाहेरचं बोलणं

अल्ताफ मुल्ला दुपारी दवाखान्यात आला तो वाडीच्या बासुंदीचा डबा घेऊन. शेवटचा पेशंट नुकताच गेला होता. डॉक्टर शलाका मगदूम एका हातानं टेबल आवरत होती आणि दुसऱ्या हातानं मांडीवरच्या मिहिकाच्या तोंडातून स्टेथोस्कोपची नळी सोडवत होती. मिहिकाला दात येत होते. सध्या जगातली प्रत्येक वस्तू आधी तिच्या तोंडात जाऊन मगच आपल्या जागी जात होती.

"हे कशाला, अल्ताफभाई?" शलाका म्हणाली.

"कशाला म्हंजे? काल दुपारभर बोलत बसलासा रुबीनासंगं. आजकाल कोण डॉक्टर बसतंय एवढं?"

काल दुपारी शलाका घरी होती. मिहिकाला पोटावर घेऊन तिचाही डोळा लागला होता. पण तिनं ते सांगितलं नाही, कारण अल्ताफ तिच्याशी कोणत्या बसण्याबद्दल बोलतोय ते तिला ठाऊक होतं.

अल्ताफचं मिरजेत बॅटरीच्या रिक्षा दुरुस्त करायचं दुकान होतं. त्याची बायको रुबीना ब्लाउज शिवायची, आणि मिहिका झाली तेव्हा उरल्यासुरल्या मऊ कापडांची एवढी झबली तिनं शिवून आणली होती, की शलाकाच्या सासूबाई म्हणाल्या, बाळ एक आणि कपडे तिळ्यांचे. मागच्या महिन्यात रुबीनाचे डोळे पिवळे दिसायला लागले. शलाकानं तिला लगेच बायपासवरच्या नवसेतू रुग्णालयात पाठवलं. तपासण्या झाल्या. स्वादुपिंडाचा कॅन्सर होता, आणि तो यकृतात पोचला होता.

ते अल्ताफला शलाकानंच सांगितलं होतं. आत रुबीनाला "काही नाही, होईल बरं" म्हणून बसवलं, आणि त्याला बाहेर व्हरांड्यात, चपला काढतात तिथं नेऊन सांगितलं. डॉक्टर तसंच सांगतात.

"एक बोलू का मॅडम?" अल्ताफ खुर्चीच्या काठावर बसला. "त्या दिवशी तुम्ही बाहेर नेऊन तसं सांगितलंसा, तवापासनं घास उतरत नव्हता. पण काल रुबीना म्हणाली, मॅडम म्हणत्यात रविवारी घरी. म्हटलं, रिपोर्ट बदलला असणार. मशिनीचं बी चुकतंय की कधीमधी."

"मी म्हणाले, रविवारी घरी?"

"तुम्हीच की. तुमच्याच तोंडनं ऐकलंय तिनं."

शलाकानं मिहिकाला या मांडीवरून त्या मांडीवर घेतलं. "आफरीनला नेलंत का आईला भेटायला?"

आफरीन त्यांची मुलगी, दुसरीत होती.

"पोरगी रोज रडती. पण रुबीनाच नको म्हणती. तोंड पिवळं, नाकात नळी, भ्याल पोर. रविवारी येतेच की घरी, न्हाऊन मग जवळ घेते म्हणती."

आता बोलायला हवं होतं. रिपोर्ट बदललेला नाही, एवढे तीनच शब्द. पण तो डबा टेबलावर होता, त्याच्या झाकणातून वेलदोड्याचा वास येत होता, आणि त्या माणसाच्या गालावर किती दिवसांनी दाढी केलेली दिसत होती.

"मी आज जाऊन बघते तिला," शलाका म्हणाली. "मग बोलू."

*

नवसेतू रुग्णालय आणि गावातले फॅमिली डॉक्टर यांच्यातून पूर्वी विस्तव जात नसे. डॉक्टर म्हणायचे, आमचा पेशंट एकदा तिकडे गेला की गेला, त्याचं काय झालं ते आम्हाला त्याच्या शेजाऱ्याकडून कळतं. रुग्णालय म्हणायचं, तुम्ही पाठवता उशिरा, आणि आलेली माणसं दोन दिवसांत घाबरून सही करून पळून जातात. दोघांचंही खरं होतं.

मग डॉक्टर निंबाळकर संचालक होऊन आले. शलाकाला त्यांनी कॉलेजात शिकवलं होतं. साधा, बोलका माणूस. त्यांनी सगळ्या फॅमिली डॉक्टरांना जेवायला बोलावलं आणि मसाल्याचं ताक वाटता वाटता म्हणाले, "पेशंट आमच्याकडे येतो ते शरीर घेऊन. विश्वास तो तुमच्या टेबलावर ठेवून येतो. तेवढा आम्हाला उसना द्या. लोक ज्याला हातगुण म्हणतात ना, तो निम्मा आवाजात असतो."

त्यातून 'सोबत' ही योजना आली.

भीती ही नुसती मनातली गोष्ट नसते. घाबरलेल्या माणसाच्या रक्तात कॉर्टिसोल चढतं, रक्तवाहिन्या आवळतात, जखम सावकाश भरते आणि तेच दुखणं दुप्पट दुखतं. ओळखीचा, भरवशाचा आवाज कानावर पडला की यातलं बरंचसं उलट फिरतं. हे नवं नव्हतं. नवं होतं ते यंत्र. फॅमिली डॉक्टरच्या टेबलावर सहा महिने एक छोटा माईक ठेवायचा. पेशंटची परवानगी घेऊन तो सगळं ऐकणार. डॉक्टर कसा बोलतो, कुठं थांबतो, कुणाच्या म्हशीची चौकशी करतो आणि कुणाच्या सुनेचं नाव चुकूनही काढत नाही, हे शिकणार. मग तो पेशंट नवसेतूत दाखल झाला, की त्याच्या उशीच्या अभ्र्यात एक चपटी पट्टी. गाल टेकला की त्याला, आणि फक्त त्यालाच, आपल्या डॉक्टरचा आवाज ऐकू येणार.

शिकणं तिथंच थांबत नव्हतं. पट्टीला पेशंटची नाडी कळत होती, श्वास कळत होता, तळव्यांचा घाम कळत होता. ज्या वाक्यानंतर नाडी उतरली, ते वाक्य पक्कं होत होतं. ज्यानंतर चढली, ते गळत होतं. पाण्याला उतार सापडावा, तसा त्या आवाजाला धीराचा रस्ता सापडत होता.

हे यंत्र आहे हे सगळ्यांना सांगितलेलं असे. सही घेतलेली असे. पण फोनवर आईशी बोलताना आपण कुठं म्हणतो की हे आईच्या आवाजाचं विजेनं केलेलं रूप आहे? आपण म्हणतो, आईशी बोलले.

शलाकानं खुशीनं सही केली होती. मिहिका तेव्हा जेमतेम चार महिन्यांची. सांभाळणाऱ्या मावशी दुपारी जायच्या, मग बाळ दवाखान्यात, मांडीवर. नवसेतूत फेरी मारायला तिला वेळच मिळत नसे आणि त्याची बोच असायची. आपलं कुणीतरी आपल्या माणसांपाशी बसतंय, याचं तिला बरं वाटलं होतं.

*

तिसऱ्या मजल्यावरचा वॉर्ड शांत होता.

शलाका दारातच थांबली. दुपारच्या चहाच्या वेळी वॉर्ड कसा असतो ते तिच्या अंगात मुरलेलं होतं. कुणीतरी कण्हत असतं, कुणी सिस्टरच्या नावानं टाहो फोडत असतं, कुणाचा भाऊ फोनवर ऊसतोडीचं बोलत असतो. इथं बालवाडीत जेवणानंतर पोरांना झोपवतात तसं होतं. सगळे एका कुशीवर. सगळ्यांचे गाल उशीत रुतलेले. डोळे अर्धे मिटलेले आणि ओठ किंचित हलताहेत.

"या मॅडम," सिस्टर सुवार्ता आवळे टेबलामागून उठली. हळू बोलत होती, देवळात बोलावं तसं. "तुम्ही प्रत्यक्ष आलात म्हणजे विशेषच."

"इतकं शांत कसं आहे?"

"असंच असतं आता. मला आधी वाटायचं, झोपेच्या गोळ्या जास्त झाल्यात. पण गोळ्या निम्म्यावर आल्यात." तिनं खाटांकडे पाहिलं. "काम सोपं झालंय मॅडम. फक्त घरी गेल्यावर मी टीव्ही मोठ्यानं लावते."

दुसऱ्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं डोळे उघडले आणि शलाकाकडे बघून ओळखीचं हसला. तिनं त्याला आयुष्यात पाहिलेलं नव्हतं.

"आलासा होय बाई? म्हणाला होतासाच, येते म्हणून."

"तुम्ही कुठले, आजोबा?"

"आता काय म्हणावं. सकाळी तर माझ्या रेडकाचं इचारत होतासा."

त्याचा गाल पुन्हा उशीवर गेला. शलाका खाली वाकली आणि तिनं त्याच्या कानाजवळ कान नेला.

तिचाच आवाज होता. रेकॉर्ड केलेला आपला आवाज परका वाटतो, तसा नव्हता. आतून ऐकू येतो तसा होता. "हं, मग? पितंय का नीट? अरे वा. आता श्वास सोडा बघू. सावकाश. कोण शहाणं आहे? कोण आहे शहाणं माझं?"

शलाका झटकन ताठ झाली. ते वाक्य तिनं एकाही पेशंटला कधी म्हटलेलं नव्हतं. ते फक्त मिहिकाचं होतं. मांडीवर किरकिरणाऱ्या मिहिकाला ती टेबलामागे बसून तसं म्हणायची, आणि माईकला मांडी आणि टेबल यातला फरक कुणी सांगितलाच नव्हता.

खाटेच्या पाटीवर गाव जत लिहिलं होतं. तो म्हातारा दात नसलेल्या तोंडानं हसत श्वास सोडत होता.

रुबीनाची खाट खिडकीशी होती. ती इतकी वाळली होती की पांघरुणाखाली कुणी आहे असं वाटू नये. चेहरा मात्र निवांत होता. लग्नाच्या आदल्या दिवशी मेंदी लावून बसलेल्या मुलीसारखा.

"आज दुसऱ्यांदा?" ती म्हणाली. "बाळ कुणाकडं हाय?"

"घरी. रुबीना, मी या आठवड्यात पहिल्यांदा येतेय."

रुबीना नुसती हसली.

शलाका तिच्या हातावर हात ठेवून बसली. ती या वाक्यांची तयारी रिक्षात करत आली होती, तरी ती वाक्यं तोंडात जड झाली. व्हरांड्यात, नातेवाइकासमोर ती सहज यायची. "ऐक. तुझा आजार यकृतात गेलाय. आता जी औषधं चालू आहेत ती दुखणं कमी करायची आहेत, आजार जाण्यासाठी नाहीत. रविवारी घरी असं मी म्हटलेलं नाही. दिवस फार थोडे आहेत. आफरीनला बोलाव."

खाटेमागच्या पडद्यावरचा नाडीचा आकडा चढायला लागला. रुबीनाचे डोळे मोठे झाले, तिची बोटं शलाकाच्या मनगटावर आवळली, आणि क्षणभर वाटलं, पोचलं.

मग रुबीनानं गाल उशीकडे वळवला. शेजारच्या खोलीतून कुणी हाक मारल्यावर ऐकावं तशी ती ऐकत राहिली. आकडा थांबला. उतरायला लागला. बोटं सैल झाली.

"तुम्ही लई दमलाय, मॅडम," ती मायेनं म्हणाली आणि तिनंच शलाकाचा हात थोपटला.

"रुबीना, मी काय म्हणाले ते…"

"असू दे. मी नाही मनावर घेत. तुम्हीच सांगताय की आत्ता, ह्यांचं मनाला लावून घेऊ नको, ह्या दमल्यात. मिहूचे दात यायला लागल्यात, झोप नाही."

शलाका पुढं वाकली. "कोण सांगतंय?"

"तुम्ही," रुबीना म्हणाली. लहान मुलाला समजवावं तसं.

*

डॉक्टर निंबाळकरांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. तिला पाणी दिलं. मग खुर्ची तिच्या बाजूला ओढून बसले, कॉलेजात कुणी नापास झालं की बसायचे तसे.

"त्या आवाजाला खोटं बोलायला आम्ही नाही शिकवलं, शलाका. रुबीनाचा रिपोर्ट त्याच्याकडे आहे. पण रिपोर्टाचं करायचं काय, ते तो तुझ्याकडून शिकला. सहा महिन्यांत तू तुझ्या टेबलाशी कुठल्या पेशंटला वाईट बातमी दिलीस, आठव."

तिनं आठवून पाहिलं. तिला रानडे काकूंचा मुलगा आठवला, व्हरांड्यात. पुजारींची सून आठवली, जिन्यात. अल्ताफ, चपलांपाशी.

"आपण सगळेच तसं करतो," निंबाळकर म्हणाले. "पेशंटला धीर आत, नातेवाइकाला खरं बाहेर. माझे सर तसंच करायचे. आणि दाराबाहेर माईक नव्हता. मशीनला वाटलं, डॉक्टर म्हणजे एवढंच. त्यातून नाडी खऱ्यानं चढते आणि धीरानं उतरते. मग ते काय शिकणार?"

"म्हणजे बाकीच्यांचे आवाजही हेच सांगताहेत?"

"थोडंफार. पण तुझा सगळ्यांत चांगला चालतो." ते जरा घुटमळले. "ज्यांचे डॉक्टर करारात नाहीत, त्यांनाही आम्ही तुझाच देतो."

"तो जतचा म्हातारा."

"त्याला कुणीच नाही गं. आता तू आहेस."

खिडकीतून खाली बायपास दिसत होता. ऊस भरलेल्या ट्रॉल्या आपोआप एकमेकींमागून चालल्या होत्या, पुढं ड्रायव्हर नसताना.

"करारात आहे," शलाका म्हणाली, "की कुठल्याही एका खाटेवरून मी माझा आवाज काढून घेऊ शकते."

"आहे. पण विचार कर. तिचं निम्मं दुखणं तो आवाज पेलतोय. काढलास की सगळं एकदम अंगावर येणार. आणि परत लावायचा म्हटलं तर नव्यानं जुळायला आठवडा तरी लागतो."

"तिच्याकडे आठवडा नाही, सर."

"म्हणूनच म्हणतोय. ती सुखात आहे. ते काढून घेऊन तू तिला काय देणार? दोन-चार दिवसांची भीती?"

"तिची मुलगी देणार."

निंबाळकर खुर्चीतून उठले. मग म्हणाले, "उद्या सकाळी ये. आज घरी जा, बाळापाशी."

घरी संध्याकाळी मिहिका पलंगाला धरून उभी राहिली, एक हात सोडला आणि तोंडावर आपटली. शलाका धावली. उचलून छातीशी घेतलं आणि गोल गोल फिरायला लागली. "काही नाही झालं, काही नाही झालं माझ्या राणीला, कोण शहाणं आहे…"

"झालंय गं," नवरा सम्मेद स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाला. त्याच्या हातात लाटणं होतं. "ओठ फुटलाय तिचा. आधी बघ तरी. डॉक्टर कोण आहे या घरात?"

तिनं बघितलं. तिच्या खांद्यावर, पिवळ्या ओढणीवर, रक्ताचा छोटा ठिपका होता. मिहिका रडायची थांबली होती. आवाज ऐकून, ओठ फुटलेला असताना, आईकडे बघून हसत होती.

शलाका तिला घेऊन पलंगावर बसली.

"अगं, एवढं नाही लागलेलं," सम्मेद घाबरून म्हणाला. "बर्फ आणतो. तू का रडतेस?"

*

सकाळी अल्ताफ आधीच येऊन बसला होता. शलाकाला बघताच तो उठला आणि सवयीनं दाराकडे चालायला लागला.

"बाहेर नको," ती म्हणाली. "बसा इथंच. तिच्यासमोर."

सिस्टर सुवार्तानं अभ्र्याच्या शिवणीतून पट्टी ओढून काढली. टाकलेल्या कातीसारखी ती पातळ, राखाडी गोष्ट ट्रेमध्ये पडली. रुबीना जागी झाली. तिनं गाल एकीकडे केला, मग दुसरीकडे. उशी उलटी केली. तिच्या कपाळावर घाम जमायला लागला.

"मॅडम कुठं गेल्या?"

"मी इथं आहे, रुबीना."

"तुम्ही नव्हं." ती खाटेवर हात फिरवत होती, काळोखात चष्मा शोधावा तशी. "तुम्ही नव्हं, त्या."

मग दुखणं आलं. शलाकानं इंजेक्शनचं प्रमाण आधीच वाढवून ठेवलं होतं, तरी ते आलं. त्या वॉर्डात किती दिवसांत कुणी ओरडलं नव्हतं. बाकीच्या खाटांवरची माणसं डोळे उघडून बघायला लागली, आणि मग एकेक करून त्यांचे गाल पुन्हा उशीवर गेले. शलाकाला माहीत होतं, त्यांना आत्ता तिचा आवाज काय सांगत असेल.

ओरडणं ओसरल्यावर तिनं सगळं पुन्हा सांगितलं. या वेळी ऐकायला फक्त रुबीना होती. अल्ताफ दोन्ही हातांत डोकं धरून बसला होता.

"मग एवढे दिवस माझ्यासंगं कोण बोलत होतं?" रुबीनानं विचारलं.

यंत्र, असं म्हणता आलं असतं. सही तुझीच आहे, असंही.

"मीच," शलाका म्हणाली. "मला जेवढं गोड बोलता येतं तेवढंच ते बोलत होतं."

रुबीनानं छताकडे पाहिलं. "येडं केलंत मला सगळ्यांनी," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, ताकद नव्हती म्हणून नसेल. मग मान वळवून नवऱ्याला म्हणाली, "आफरीनला आणा. शाळेतनं उठवून आणा. आणि फणी आणा घरची, लाकडाची."

आफरीन आली ती दारातच थबकली. निळा फ्रॉक, विस्कटलेले केस, एका पायातला मोजा खाली घसरलेला. तिनं आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि अब्बाच्या मागं गेली.

"माझ्याकडं बघू नको," रुबीना म्हणाली. "पाठ कर नि बस हितं. केस बघ कसं झाल्यात, घार घरटं करंल."

पाठ करून बसायला पोरगी तयार झाली. शलाकानं रुबीनाच्या पाठीला उश्या लावल्या. रुबीनाची फणी अडकत होती, मध्येच ती थांबून दात आवळून बसायची, मग पुन्हा बट घ्यायची. आणि त्या डोक्याच्या मागच्या बाजूला, हलक्या आवाजात, ती बोलत राहिली. शलाका खिडकीशी सरकली. सगळं तिला ऐकायचं नव्हतं, तरी काही कानावर आलंच. अब्बाला मीठ कमी घालायचं. मामीकडं राहायला गेलीस तर तिची कात्री नाही घ्यायची, आपली घेऊन जायची. माझी मशीन विकू द्यायची नाही, कुणी कितीबी म्हणू दे.

मग, वेणीचा दुसरा पेड घालताना, "मी येणार नाही गं घरी. रडायचं ते आत्ता रड. मी हाय तवर."

आफरीन हलली नाही. फक्त तिचे खांदे वर जाऊन खाली आले, परत वर गेले. रुबीनानं रिबीन बांधली. गाठ सैल झाली म्हणून सोडून पुन्हा बांधली. मग पोरगी वळली आणि त्या पिवळ्या चेहऱ्याला बिलगली. 

ऊन खिडकीतून निघून भिंतीवर गेलं तेव्हा अल्ताफ मुलीला घेऊन खाली चहा-बिस्किटं द्यायला गेला. रुबीना उशीवर पडली. ओठ पांढरे झाले होते. पुढचं इंजेक्शन द्यायला अजून अवकाश होता.

"आता तिला लावा परत," ती म्हणाली.

"कुणाला?"

"त्या मॅडमला. आता मला समदं ठावं झालंय. पोर भेटली. आता खोटं ऐकलं तर काय बिघडतंय?" तिनं डोळे घट्ट मिटले. "दुखतंय हो."

"ती लगेच परत येत नाही रुबीना. आठवडा लागेल."

रुबीनानं थोडा विचार केला.

"मग तुम्ही बोला."

शलाका खुर्ची पुढं ओढून बसली. तोंड तिच्या कानाजवळ नेलं. "काही नाही, रुबीना. होईल बरं."

"तशी नव्हं. ती नाव घेत नाही माझं. आधी हं म्हणती."

"हं. काही नाही. होईल बरं."

"अजून हळू. आणि मध्ये थांबती ती."

शलाकानं पुन्हा म्हटलं. पुन्हा चुकलं. आपल्याच घराची वाट दुसऱ्याला विचारत जावं तसं ती एकेक शब्द पुढं टाकत होती, आणि रुबीना डोळे न उघडता मान हलवून नाही म्हणत होती. शेवटी कधीतरी तिला मिहिका आठवली, ओठ फुटलेली, हसणारी, आणि आवाज आपोआप खाली गेला.

"हं," ती म्हणाली. "कोण शहाणं आहे?"

"आता बरोबर," रुबीना म्हणाली आणि गाल तिच्याकडे वळवला.

शलाकाची नजर वर पडद्याकडे गेली. आकडा उतरत होता. तिनं तेच वाक्य पुन्हा म्हटलं, तो आणखी उतरला. मग तिनं आफरीनचं नाव घेतलं, तसा तो चढला. ते नाव तिनं पुन्हा घेतलं नाही.